गड्याचं घर

पडेगाव,
९ फेब्रुवारी २०२५

चि. हनुमान,

रागात लिहायला बसले आहे, पण आशीर्वाद आधीच देऊन टाकते, नंतर राहून जायला नको. फोनवर आपलं भांडण होतं आणि तू मधेच ‘रेंज नाय आक्का’ म्हणून कापतोस. कागदावर निदान माझं बोलणं पुरं होईल. मोतीराम दूध घेऊन रोज तुझ्या वस्तीवरून इकडे येतो, त्याच्याच हाती उत्तर दे.

हाच मोतीराम काल आमच्या दारात उभा राहून मोठ्यानं सांगत होता, “आक्का, हनुमानानं घर काढलंय बरं का. लई मोठं. पण मातीचं!” शेजारच्या बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी वळून बघितलं. मी पटकन म्हणाले, “घर कुठलं, मेंढरांना निवारा करत असेल.” बघ, तुझ्यामुळे सकाळी सकाळी देवाचं नाव घ्यायच्या आधी खोटं बोलले.

अरे बाबा, ज्याच्या बुडाखाली दोन एकर आहे तोसुद्धा आज स्लॅब टाकतो. तू पंधरा वर्षं शहरात लोकांचे स्लॅब टाकलेस, माल वाहून वाहून तुझी मान वाकडी झाली, आणि स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा चिखल तुडवायला लागलास? लाकडाला वाळवी लागते आणि मातीत उंदीर बिळं करतात, हे मी तुला सांगायचं? वर म्हणे सोलर बसवणार. बंगल्यावर सोलर दिसलं तर लोक म्हणतात माणूस हुशार आहे. मातीच्या घरावर दिसलं तर म्हणतात, यांच्याकडे अजून लाईट आली नाही वाटतं.

मी एवढी का चिडले ते ऐक. आपल्या प्रेरणाला स्थळ आलं आहे. दौलताबाद रस्त्याला मोठं शेत आहे त्यांचं, आपल्यातलेच आहेत, पण आजोबांच्या काळातच मेंढरं सोडून जमीन धरलेले. घरात वडील तात्यासाहेब आणि आई लक्ष्मीबाई. मुलगा शिवराज पुण्यात इंजिनिअर आहे. पहिल्याच भेटीत तात्यासाहेबांनी विचारलं, “मुलीचे मामा काय करतात?” मी म्हणाले, “शेती आहे, घरदार आहे, सगळं व्यवस्थित आहे.” आता ते व्यवस्थित घर बघायला येतो म्हणाले तर काय दाखवू? हे नक्की होईपर्यंत तरी काम थांबव. एवढंच मागते.

दाजींनी नमस्कार सांगितला आहे. ते काही बोलत नाहीत, पण हसतात, आणि ते मला जास्त लागतं.

तुझी आक्का
रत्नमाला


खडकाची वस्ती, फुलंब्री
१६ फेब्रुवारी

आक्का,

पाया पडतो. तुझं पत्र मोतीरामनं दिलं ते दुधाचा वास लागलेलं आणि मजकूर मिरचीचा. प्रेरणाचं वाचून लई आनंद झाला. मामाच्या खांद्यावर बसून जत्रेत फिरणारी पोर लग्नाची झाली! मुलगा चांगला आहे ना, तिला पसंत आहे ना, ते आधी लिही. माझ्या घराचं नंतर.

आता घराचं. गेल्या मे महिन्यात सुगंधा पत्र्याखाली स्वयंपाक करता करता चुलीपाशीच पडली, ते तुला माहीत आहे. दोन दिवस फुलंब्रीच्या दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, “ऊन लागलं.” मी म्हणालो, “साहेब, ती तर घरात होती.” ते म्हणाले, “मग घर लागलं.” त्यांना गंमत वाटली, मला नाही वाटली.

स्लॅब टाक म्हणून तूही सांगतेस, गावही सांगतं. आक्का, मी स्लॅब टाकले आहेत म्हणूनच टाकत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब अंधार पडल्यावरही माणसाला भाजत राहतो. ज्यांची घरं बांधली ते सगळे आता एसीखाली बसतात. माझ्याकडे एसी नाही, पण फुलंब्रीला कारभारी मिस्तरी आहेत. सत्तर वय झालं, माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, घालणारा तालुक्यात आता हा एकच माणूस उरला असेल. त्यांना म्हणालो, शिकवाल का? ते म्हणाले, “चाळीस वर्सांत कुणी इचारलं नाय, तू पयला.” पाडलेल्या घरांच्या सागाच्या तुळया त्यांनीच शोधून दिल्या. त्यावर बाभळीचे वासे, त्यावर फळ्या, कडुलिंबाचा पाला आणि वर हातभर पांढरी माती. कच्च्या विटा आमच्याच शेतातल्या. वाळवी पाल्याला भिते. उंदराचं माहीत नाही, येईल तेव्हा बघू.

सोलरच्या तीन प्लेटा बसवल्या. पंखा, दिवे, फ्रीज सगळं चालतं. लाईट गेली तरी आमच्याकडे गेलेली नसते.

एक कबूल करतो. लोक हसतात ते मलाही लागतं. बाजारात एकानं विचारलं, “हनुमान, घरकुलात नाव आलं नाय का रे?” तेव्हा मी म्हणालो, हे सरकारी प्रयोगाचं घर आहे, वरून साहेब येऊन बघणार आहेत. म्हणजे खोटं तूच बोललीस असं नाही. पण काम थांबवत नाही. पावसाळ्याआधी माळवद पूर्ण व्हायला पाहिजे. पाहुण्यांना खुशाल आण. घोंगडी अंथरतो, आणि आत बसल्यावर ते उठणार नाहीत हे मी लिहून देतो.

सुगंधा तुझ्यासाठी शेवया करून ठेवते म्हणाली.

तुझा
हनुमान


पडेगाव,
२० मार्च

हनुमान,

तीन दिवस झाले, पेन हातात घेते आणि ठेवते. सोमवारचं तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. तू फोनही केला नाहीस.

मी मुद्दाम आणलं नव्हतं त्यांना, शपथ सांगते. आम्ही फुलंब्रीला एका लग्नाला गेलो होतो. येताना तात्यासाहेब म्हणाले, “ताई, तुमचं माहेर इकडंच ना? रानं तरी दाखवा.” मी आधीच त्यांना सांगून ठेवलं होतं की भाऊ शहरात, छावणी भागात राहतो. म्हणजे आपल्या चुलत भावाला, रामप्रसादला, मी मनात धरलं होतं. त्याचं छावणीत तीन मजली घर आहे. तुला लिहिलं नाही, कारण तू चिडला असतास. रस्त्यावरून रानं दाखवून गाडी पुढे काढायची असं मी ठरवलं होतं. तर तात्यासाहेबांना नेमकं ते घर दिसलं आणि त्यांनी गाडी थांबवायला लावली, “हे कुणाचं घर? आत्ता असं कोण बांधतं?”

तू समोर गुडघ्यापर्यंत चिखलात. अंगात फाटकी बनियन. मला बघून दोन्ही हात वर केलेस. पायजमा वर खोचलेला. हनुमान, मी तुझी बहीण आहे, मला तुझी लाज का वाटावी? पण वाटली. तोंडातून निघालं, “आमच्या गड्याचं आहे.”

निघालं आणि परत घेता आलं नाही. दाजी खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, तू काहीतरी बोलशील. बोलला असतास तर मी तिथंच मेले असते, पण सुटले असते. तू हात खाली घेतलेस आणि म्हणालास, “या मालकीणबाई, बसा.”

ते ‘मालकीणबाई’ माझ्या कानातून जात नाही. पण तूही थोडा विचार करायला हवा होतास. पाहुणे कधीही येऊ शकतात हे तुला माहीत होतं. निदान अंगात शर्ट असता.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू देते. मी कशी आहे ते तुला तरी कळू दे.

रत्नमाला


खडकाची वस्ती
२६ मार्च

आक्का,

पाया पडतो. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. त्या दिवशी खरंच मी कुणाचाही गडी दिसत होतो. चिखल तुडवताना माणूस कपाळाला नाव लिहून तुडवत नाही.

तात्यासाहेब माणूस बरा आहे. आत येऊन बसले, भिंतीला हात लावून पाहिला, दोनदा पाणी मागितलं. बाहेर ऊन भाजत होतं आणि ते म्हणाले, “एसी कुठं लपवलाय रे?” मी म्हणालो, “मालक, एसी लावला असता तर बिल आल्यावर मीच लपलो असतो.” ते खूप हसले. तू हसली नाहीस. तुझ्या हातातला तांब्या तसाच भरलेला होता.

तू विचारलं नाहीस, पण सांगून टाकतो. सुगंधाला काही कळलेलं नाही. ती मागे मेंढरांकडे होती. तिला म्हणालो, शहरातले लोक घर बघायला आले होते. तेव्हा ती काळजी सोड.

घराचंही बरं चाललं आहे. समोरची भिंत पूर्ण झाली. आता रस्त्यावरून एकदम गुळगुळीत दिसते, तू बघशील तर खूष होशील.

प्रेरणाचं जमू दे. तेवढं झालं की बाकीचं सगळं मिटेल. सुपारी कधी फोडायची ते कळव. मी चांगला शर्ट घालून येईन, किंवा येऊ नको म्हणशील तर येणार नाही. पण लग्नात काय करायचं? ‘मामांनी मुलीला घेऊन यावं’ अशी हाक माईकवर येईल, तेव्हा तिच्या मागे कोण उभं राहणार? पाहुण्यांनी तर मला गडी म्हणून बघितलं आहे. याचा विचार तू केला असशीलच.

हनुमान


पडेगाव,
१४ एप्रिल

हनुमान,

सुपारी फुटली. लग्न आठ जूनचं ठरलं. तू आला नाहीस म्हणून घास उतरला नाही, आणि तू आला असतास तरी उतरला नसता. अशी माझी गत आहे.

मामा म्हणून रामप्रसादला उभं करायचं ठरलं आहे. दाजींनीच त्याला विचारलं. तो म्हणाला, “हनुमान असताना मी कसा?” मग काय सांगितलं असेल ते मी लिहीत नाही. अखेर तयार झाला. प्रेरणाला अजून काही माहीत नाही. ती म्हणते, मामासाठी फेटा मी निवडणार.

आता ऐक. तात्यासाहेब तुझं घर विसरलेच नाहीत. गाडीत बसल्यापासून तेच. “गड्याचं घर इतकं गार, मग मालकाचं कसं असंल!” परवा फोन केला, “ताई, तुमच्या त्या गड्याला आणि त्याच्या मिस्तरीला पाठवा. शेतावर तसंच दोन खणांचं घर बांधायचंय, सोलरसकट. लग्नाच्या आधी पाहुण्यांना दाखवायला.” दौलताबाद रस्त्यावर, आमच्या घरापासून हाकेवर.

मी म्हणाले, त्याला सवड नाही. ते म्हणाले, “तुमचा गडी आन् तुमचं ऐकत नाय?” नाही म्हणत राहिले तर त्यांना संशय येईल. आला तर सगळं बाहेर पडेल आणि सोयरीक मोडेल. पोरीच्या अंगाला हळद लागायच्या आधीच डाग लागेल.

तू जाशील का? वीस दिवसांचं काम. हे मी तुला विचारते आहे, तुझी मोठी बहीण, जिनं तुला कडेवर घेऊन मेंढरांमागे रान तुडवलं. नाही म्हणालास तर मी समजेन. हो म्हणालास तर मला कायमचं खाली बघावं लागेल. तरी हो म्हण.

रत्नमाला


तात्यासाहेबांचं शेत, दौलताबाद रस्ता
११ मे

आक्का,

पाया पडतो. उद्या इथलं काम संपतं, म्हणून आज लिहितो. मोतीरामची गाडी इथूनही जाते.

घर झकास झालं. कारभारी मिस्तरी म्हणतात, आपल्या घरापेक्षा एक बोट सरस, कारण इथं लाकूड नवं मिळालं. तात्यासाहेब रोज कुणाला ना कुणाला आणून दाखवतात. एक जण म्हणाला, “एवढा पैसेवाला माणूस आन् चिखलात राहणार?” तात्यासाहेब म्हणाले, “तुम्ही भट्टीत राहा, मी चिखलात राहतो.” मला इतकं बरं वाटलं. हेच वाक्य मी बाजारात बोलायला पाहिजे होतं.

माझं म्हणशील तर काही कमी नाही. दोन वेळचं जेवण अंगणात, झाडाखाली. पितळीत भाकरी, कोरड्यास, वर कांदा. आत कुणी बोलावलं नाही, आणि गड्याला कोण बोलावतं? मला ‘हनम्या’ म्हणतात. आईनंतर त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं, मग सवय झाली. मिस्तरी रोज विचारायचे, “हनुमान, बहिनीचं घर इथून दिसतंय, आन् तू पत्र्याच्या शेडमधी का झोपतोस?” मी सांगितलं, बहीण गावाला गेली आहे.

मागच्या मंगळवारी तू स्कूटीवरून गेलीस. मी माळवदावर होतो. तू वर पाहिलंस. मी हात केला नाही, तुझी अडचण व्हायला नको. तू वेग वाढवलास.

एक गोष्ट तुला सांगणं भाग आहे. काल प्रेरणा आली, शिवराजबरोबर, नवं घर बघायला. मी भिंत लिंपत होतो. तिनं मला पाहिलं आणि तोंडात ‘मा’ एवढं आलं. मी म्हणालो, “या ताईसाहेब, जपून, ओलं आहे.” आणि तिच्याकडे पाठ केली. पोरीकडे पाठ केली, आक्का. आजवर कधी केली नव्हती. ती तशीच उभी राहिली. मग शिवराजला म्हणाली, डोकं दुखतं, घरी चला.

तिला काय सांगायचं ते तू ठरव. मी उद्या घरी जातो. लग्नाला येत नाही. रामप्रसाद उभा राहू दे, माणूस चांगला आहे.

हनुमान


पडेगाव,
२० मे

हनुमान,

आशीर्वाद द्यायचा मला हक्क नाही, म्हणून देत नाही.

प्रेरणा त्या दिवशी घरी आली आणि तिनं फक्त एवढंच विचारलं, “आई, मामा तिथं गडी म्हणून का राबतोय?” मी सांगायला लागले, लोक, सोयरे, स्लॅब, तिचं भलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “माझं भलं? मला तर त्याच्याकडेच नीट श्वास येतो.” दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी एकटी तात्यासाहेबांकडे गेले. दाजींना सोबत या म्हणाले, ते म्हणाले डोकं जड आहे.

सगळं सांगितलं. छावणीचा भाऊ, गडी, रामप्रसाद, सगळं. लक्ष्मीबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, आता तात्यासाहेब म्हणतील चालत्या व्हा. ते म्हणाले, “म्हंजे माझ्या सुनेच्या मामाला मी वीस दिवस अंगणात जेवू घातलं. हनम्या म्हनून हाका मारल्या. ताई, तुम्ही खोटं बोललात ते तुमच्यापाशी. पण पाप माझ्या हातून करून घेतलंत.”

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर सोपं गेलं असतं. पुढे म्हणाले, “सोयरीक मोडत नाय, पोरांनी काय केलं? पण मामा म्हनून हनुमानराव उभे राहतील. ते नसतील तर अक्षता पडणार नाहीत.”

तुला आठवणार नाही, तू कडेवर होतास, पण मी चौथीत असताना शाळेत मुली माझ्या शेजारी बसत नसत. म्हणत, हिच्या अंगाला मेंढरांचा वास येतो. आपलं पाल तेव्हा माळावर होतं. मी रोज ओढ्यावर अंग घासून शाळेत जायची, तरी त्या सरकून बसायच्या. तेव्हापासून माती दिसली की मला वाटतं, आता कुणीतरी सरकून बसणार. फरशी घातली, स्लॅब टाकला, गॅलरी केली, तरी ते जात नाही. तू त्या मातीचं घर बांधलंस, तेही हौसेनं, आणि मला वाटलं तू मला धरून परत माळावर नेतो आहेस. हे कारण आहे, सबब नाही. त्या मुली सरकून बसायच्या आणि मी रडायची. तुझ्यापासून मी स्वतः सरकून बसले.

लग्न तुझ्या हातात आहे. मी तुझ्या पाया पडते. मोठी असून पडते. ये.

रत्नमाला


खडकाची वस्ती
२५ मे

वन्सं,

नमस्कार. हे पत्र सुगंधा लिहिते. मी जास्त शिकलेली नाय, बोलते तसंच लिहिते. तुमचं पत्र ह्यांनी वाचलं आन् कोनाड्यात ठेवलं. ह्यांना इचारलं तर हे लगीच हो म्हनतील. म्हनून ह्यांच्या आधी मीच लिहिते. तुमची सगळी पत्रं मी वाचली हायेत, ह्यांनी लिहिलेलीबी, मोतीराम न्यायच्या आधी. हे कोनाड्यात ठेवत्यात, घर माझंबी हाय.

त्या दिवशी मी मेंढरांकडं नव्हते. हे तुम्हाला खोटं बोलले आन् मलाबी. मी आतल्या खोलीत चुलीपाशी, दाराच्या मागं व्हते, ह्यांना वाटलं मला ऐकू आलं नाय. गाडीत तुम्ही दिसल्या म्हनून घाईनं च्या टाकला व्हता, तुम्हाला लागतो तसा, आलं घालून. मग तुमचं बोलनं ऐकलं. च्या उतू गेला. मी बाहेर आले नाय, कारन आले असते तर तुमची इज्जत गेली असती आन् ह्यांचीबी.

तुम्हाला वाटतं हे रागावले. रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे फुलंब्रीला गेले आन् सिमेंटची पोती घेऊन आले. ज्या भिंतीच्या विटा आम्ही दोघांनी पाडल्या, वाळवल्या, एकेक करून रचल्या, तिच्यावर ह्यांनी सिमेंट मारलं. रस्त्याकडची सगळी बाजू. मी म्हनले, काय करता? तर म्हनले, “लोकांना दिसायला नको.” त्या दिवसापासून हे पुढच्या दारानं येत नायत, मागून येत्यात. घर बांधताना गाव हसलं तेव्हा हे वाकले नाय. तुमच्या एका शब्दानं वाकले.

आता कारभारी मिस्तरी बघून गेले. भिंत ठोकली तर पोकळ वाजती. सिमेंटच्या मागं माती ओलीच राहती, तिला वारा मिळत नाय. पावसाळ्याआधी काढलं नाय तर भिंत आतून सडून बसंल, असं म्हनले. ह्यांना सांगते तर ह्यांचा हात उचलत नाय. म्हनत्यात, परत माती दिसंल.

तात्यासाहेब आन् लक्ष्मीबाई काल येऊन गेले. दारातच ह्यांच्या पाया पडायला वाकले, ह्यांनी धरलं. ते म्हातारं मानूस रडलं. हे रडले नाय. हे आत गेले आन् पानी घेऊन आले, जसं त्या दिवशी आनलं व्हतं, तशीच मान खाली घालून. तेव्हा मला कळलं की पाया पडून हे भरायचं नाय.

लग्नाला आम्ही येनार. पोरीचा काय गुन्हा? हे तिच्या मागं उभे राहतील आन् मामीनं करायचं ते सगळं मी करीन, काही कमी पडनार नाय. रामप्रसाद भावजींना तसं कळवा.

पन त्याच्या आधी तुम्ही हितं या. सोमवारी या, बाजाराचा दिस हाय, रस्त्यानं सगळा गाव जातो. जसं पाहुण्यांच्या देखत ह्यांना गडी म्हनलं तसंच लोकांच्या देखत या आन् ते सिमेंट तुमच्या हातानं खरवडा. मी संगं बसते. दोन दिस लागतील. कुनी इचारलं तर काय सांगायचं ते मी शिकवनार नाय.

येताना जुनं पातळ नेसून या. हात भरतील.

सुगंधा